चाखून दिलेले बूट

सहा फूट उंची. दारात उभे राहिले की भर दुपारी खोलीत दिवा लावावा लागेल असा देह. घोलवडला हाक मारली तर बोर्डीच्या बाजारात कुणीतरी ओ द्यावी असा आवाज. आणि खाली पाय पाच नंबरचे! ब्रह्मदेव एवढा मोठा माणूस घडवायला बसला आणि पायांपर्यंत येता येता त्याची माती संपली, असं मी त्यांना तोंडावर म्हणत असे. ते म्हणत, "संपली नाय, कलमवाले. उरलेली तुमच्या पोटाला लावली."

आम्ही सगळे त्यांना मुकादम म्हणायचो. त्यांना नाव होतं, पण ते फक्त रेशनकार्डावर. घोलवडच्या एका चिकूच्या शेडमध्ये आलेला माल निवडून घेण्याचं काम त्यांच्या हाताखाली चाले. शेडला लागूनच माझी रोपवाटिका. मी खिरणीच्या खुंटावर चिकूची कलमं बांधून विकतो, म्हणून कलमवाले.

चिकू हे लबाड फळ आहे. आंबा रंग बदलतो, फणस वास सोडतो, केळं डाग दाखवतं. चिकू कच्चा असतानाही मातकट आणि तयार झाल्यावरही मातकट. मुकादम अंगठ्याच्या नखाने त्याची साल किंचित खरवडत. आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर तयार. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम राखलेलं होतं. एवढ्यावर समाधान नव्हतं. प्रत्येक बागेच्या मालातलं एक फळ बाजूला ठेवून, पिकवून, चाकूने कापून ते खाऊन बघत. "चाखल्याशिवाय पेटी बांधायची नाय" हा त्यांचा कायदा. मालक कंटाळले, ट्रकवाले ओरडले, डॉक्टरांनी साखरेची भीती घातली. मुकादम चाखत राहिले.

निवडायची सवय माणसाला एकदा लागली की ती शेडच्या दारात चपला काढल्यासारखी काढून ठेवता येत नाही. मुकादम सगळ्या जगाची प्रतवारी करत. डहाणूतला एक वकील 'दुसरा नंबर', पोस्टमन 'पहिला', आमच्या वॉर्डातला एक पुढारी 'चिप्सला'. म्हणजे विकण्याजोगा राहिला नाही, आता कापून वाळवायचा. मला त्यांनी माझ्या बायकोसमोर 'दुसरा नंबर, देठाकडून मऊ' ठरवलं होतं. बायकोला ते इतकं पटलं की तिने त्यांना जेवायलाच थांबवलं.

त्यांच्या भाचीला बघायला मुलगा आला तेव्हाची गोष्ट नरपडला अजून सांगतात. चहा झाला, पोहे झाले, मुलाचा पगार विचारून झाला. मग मुकादम उठले, मुलाच्या खांद्यात अंगठा रुतवला, डोळे मिटून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चांगला आहे. पण दोन वर्षं थांबा. कच्चा आहे." मुलाकडचे संतापले. तरी लग्न झालं. पहिली दोन वर्षं त्या घरातली भांडी नुसती वाजत होती. तिसऱ्या वर्षापासून संसार गोड झाला. मुकादम शांतपणे म्हणाले, "मी तर तारीखपण सांगितलेली."

हा माणूस वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, जांभळे बायकी बूट घालून बोर्डीच्या रस्त्यावर रोज पहाटे धावू लागला, त्याला कारण झाली सुनंदा.

सुनंदा आमच्याकडे चिकू निवडायला येई. तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावरची. घरी थोडं भात, थोडी नागली. बाकीचे महिने मिळेल ते काम. बारीक, काटक, बोलायला तिखट. वनरक्षक व्हायचं हे तिने शाळेत असल्यापासून ठरवलेलं. लेखी परीक्षा ती पास झाली होती. राहिली होती तीन किलोमीटरची धाव, तीही ठरलेल्या वेळेत. आणि वयाची अट बघता ही तिची शेवटची भरती होती. पुढच्या भरतीला अर्जच करता येणार नव्हता.

लहानपणापासून ती अनवाणी, शेताच्या बांधावरून धावलेली. पण सराव म्हणून रोज डांबरी रस्त्यावर धावायला लागली आणि नडगीच्या आतल्या बाजूला कळ मारू लागली. कॅनव्हासचे बूट घेतले, कळ वाढली. डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुझी पावलं सपाट आहेत, धावताना पाय आत कलंडतो. मऊ गादीचा पण आतून आधार देणारा बूट घे, नाहीतर धावणं सोड. धावणं सोडण्याचा भाग तिने ऐकलाच नाही.

हे आम्हाला कळलं ते एका ओल्या लादीमुळे. शेडमध्ये चिकू धुतात त्या जागेवर सगळे अनवाणी वावरतात. एका सकाळी मुकादम कोरड्या लादीवर उमटलेल्या ओल्या पावलांकडे बघत उभे. भाकरी थापावी तशी पावलं. मधे कमान म्हणून नाहीच.

"कलमवाले, हे माझं पाऊल आहे," ते म्हणाले. "पण मी तर तिकडे गेलोच नाय."

"भूत असेल," मी म्हणालो. "तुमचंच. आधी येऊन जागा बघून गेलं."

पाण्याच्या टाकीमागून सुनंदा लंगडत आली. तिचं पाऊल मुकादमांच्या पावलाशेजारी उमटलं. तीच लांबी, तीच रुंदी, तोच सपाटपणा. शेडमधल्या बायका हसून हसून खाली बसल्या. मुकादम हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "का लंगडतेस?" तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, "बूट मी निवडणार. मी चाखल्याशिवाय तू पायात घालायचा नाय."

"बूट चाखणार?" ती म्हणाली. "मुकादमकाका, उन्हात फिरू नका."

आम्ही दोघं हद्दीपलीकडे गुजरातेत, वापीला गेलो. मी गाडी चालवायला. दुकान मोठं, काचेचं, आतून थंडगार. विकणारा तरुण नम्र होता. त्याने पहिला बूट हातात दिला आणि मुकादमांनी तो कानाशी धरून वाकवला. मग पिळला, कपडा पिळतात तसा. टाचेची वाटी दोन्ही बाजूंनी दाबली. नाकाशी नेला. आणि शेवटी, देवा रे, अंगठ्याच्या नखाने त्याचा पांढराशुभ्र तळ खरवडला.

"काका!" तो पोरगा किंचाळला. "आ शूज छे, चीकू नथी!"

"ते मला दिसतंय," मुकादम म्हणाले. "हा तोडला कधी?"

"एटले? मतलब?"

"कारखान्यातून निघाला कधी? वर्षभर पडून राहिलेला माल नको. तळाचा फोम आतून सुकतो."

पोरगा आत गेला आणि खोक्यावरची तारीख बघून आला. खरंच जुना होता. त्यानंतर तो मुकादमांशी डॉक्टरांशी बोलावं तसा बोलू लागला.

पहिला बूट घेतला तो ढगासारखा मऊ. मुकादम पहिल्या दिवशी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावले आणि खांबाला मिठी मारून उभे राहिले. मी मागे स्कूटरवर, मंत्र्यांच्या ताफ्यासारखा. दुसऱ्या दिवशी दोन खांब. असं करत करत पंधरवड्यात ते घोलवडहून बोर्डीपर्यंत जाऊ लागले. वेग असा की शेजारून म्हैस पुढे जाई. पण थांबत नसत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बूट उलटा करून माझ्यासमोर धरला. आतली कड झिजून खाली दबली होती.

"जास्त पिकलेला आहे," ते म्हणाले. "गोड लागतो, पण पाय आत रुततो. रुतला की कलंडतो. बाद."

दुसरा बूट आधाराचा होता. कमानीखाली कडक पट्टी. पाय कलंडत नव्हता खरा, पण दहा दिवसांत पावलाला लिंबाएवढा फोड आला. "कच्चा. दात शिवशिवले," असं म्हणून तोही बाद.

तिसरा मिळाला तो फक्त बायकांच्या मापात आणि फक्त जांभळ्या रंगात. पाच नंबर. खाली गादी जाड, पण तळ रुंद, आणि दोन्ही कडा किंचित वर उचललेल्या, परातीच्या काठासारख्या. पाय कलंडू लागला तर हळूच मधे ढकलणाऱ्या. मुकादमांनी तो घातला आणि पुढचा महिना आमच्या किनाऱ्याला करमणूक पुरवली.

"मुकादम, हळद कधी?" मासळी विकणाऱ्या बायका ओरडत.

"वहिनींचे बूट परत द्या हो, त्या शोधतायत!"

मुकादम न थांबता हात वर करत. त्यांचं लक्ष पायात. नरपडच्या ओल्या वाळूत धावले, बोर्डीच्या डांबरावर धावले, रविवारी माझ्या गाडीतून तलासरीकडे जाऊन मुरमाच्या चढावर धावले. आणि रोज, सगळं धावून झाल्यावर, दम संपलेला असताना, आणखी दोन खांब.

"आता कशाला?" मी विचारलं. "जीव जाईल."

"पहिल्या दोन खांबांना कुठलाही बूट चांगलाच वाटतो. पाय थकला की आत पडतो. तेव्हा हा काय करतो ते बघायचंय. तिची धाव शेवटच्या फेरीत ठरणार, पहिल्या नाय." हे बोलताना ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले होते आणि घाम बुटांवर टपटपत होता.

इकडे सुनंदाचा धीर संपत आला. कळ वाढू नये म्हणून ती फक्त बांधावर आणि मातीवर, थोडंथोडंच धावत होती. धाव होळीच्या पुढच्या आठवड्यात असा निरोप आला तेव्हा तिने शेडमध्येच मुकादमांना गाठलं.

"काका, माझी भरती हाय की तुमची?"

"दोन दिवस थांब."

"तुमचे दोन दिवस दिवाळीपास्नं चाललेत. मी नापास झाले तर पुढल्या वर्षी पण इथंच चिकू निवडत बसेन. तुमचं काय, तुम्हाला बरंच. हात कमी पडणार नाय."

मुकादमांना असं कुणी बोलत नसे. ते हळूच म्हणाले, "परवा तुझ्या पायात असेल." आणि शब्द पाळला. निदान पाळायला निघाले. त्याच संध्याकाळी वापीहून तिच्यासाठी तोच बूट, तोच नंबर, तोच जांभळा रंग, कोरा जोड घेऊन आले.

आता जे झालं ते घोलवडच्या चिकूवाल्याखेरीज जगात कुणाच्या हातून होणं शक्य नाही.

नवा जोड मुकादमांनी दाबून पाहिला. टाच कडक लागली. त्यांचा स्वतःचा जोडही सुरुवातीला असाच कडक होता. दहा-बारा दिवस धावल्यावर मऊ झाला होता. सुनंदाकडे दहा-बारा दिवस वाया घालवायला नव्हते. मुकादमांनी विचार केला, चिकू तरी झाडावरून काढल्यावर कुठे लगेच खाण्याजोगा असतो? शेडच्या मागे पत्र्याची एक बंद खोली होती. तिथे गोणपाटाखाली, उबेत, चिकू दोन दिवसांत मऊ होत. मुकादमांनी तो कोरा जोड चिकूंच्या मधे, गोणपाटाखाली, नीट पालथा घालून ठेवला आणि दाराला कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांसमोर दार उघडलं. नाटकातला पडदा उघडावा तसं. मऊ झाला होता, यात वाद नाही! पत्रा दिवसभर तापून तापून डिंक सुटला होता, तळ वरच्या कापडापासून अलग होऊन जीभ बाहेर काढल्यासारखा लोंबत होता, गादी एका अंगाला चपटी झाली होती आणि आतून मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग चालली होती. बूट उचलताच पिकल्या चिकूचा इतका सुरेख वास आला की एका बाईच्या तोंडाला पाणी सुटलं.

मी हसणार होतो. हसू ओठांवर आलं होतं. मग मुकादमांचा चेहरा पाहिला आणि गिळलं.

ते बाहेर येऊन शेडच्या मधोमध उभे राहिले. अठरा बायका, दोन ट्रकवाले, मी. "माल माझ्या हातून खराब झाला," ते म्हणाले. "चूक माझी." तीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. एक म्हातारी पुटपुटली, "परत एकदा बोला, मुकादम. डाव्या कानाने ऐकलं नाय." पण कुणी हसलं नाही. धावेला जेमतेम महिना उरलाय हे सगळ्यांना दिसत होतं. वापीच्या दुकानाला फोन केला. पाच नंबर संपला होता, महिन्याभराने येईल म्हणाले.

सुनंदा पुढे आली. तिने त्या फाटक्या बुटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुकादमांच्या पायांकडे बोट दाखवलं.

"हे काढा."

"हे?" मुकादम दोन पावलं मागे सरले. "हे उष्टे आहेत. घामाचे. मी महिनाभर—"

"तेच ना. चाखलेले हायत ना? काढा."

"उष्टा माल मी आजवर कुणाला—"

"काका, तुम्ही खराब केलात तो कोरा होता. हा चांगला हाय असं तुम्हीच बोललात. आता खोटं बोललात का ते बघू द्या मला."

मुकादम पोत्यावर बसले आणि एवढ्याशा पावलांतून बूट काढले. रात्रभर त्यांच्या बायकोने ते धुऊन पंख्याखाली वाळवले, असं मला मागून कळलं. सकाळी त्यांनी ते पुन्हा उलटे करून तळ तपासला, दोन्ही कडा सारख्या झिजल्या आहेत याची खात्री केली आणि मगच तिच्या हाती दिले.

तो महिना सुनंदाने ज्या हट्टाने घालवला तो मी बघितला आहे. मुकादमांनी केलेलं सगळं तिने पुन्हा, स्वतः, पहिल्यापासून करून पाहिलं. त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला ती तयार नव्हती. नरपडच्या वाळूत आधी अनवाणी धावली आणि मागे वळून स्वतःची पावलं बघत बसली. मग बूट घालून त्या ठशांच्या शेजारून धावली आणि पुन्हा बघत बसली. पहिला आठवडा कळ होती, पण धावून थांबली की उतरू लागली. दुसऱ्या आठवड्यात ती पाड्यापासून खाली हमरस्त्यापर्यंत डांबरावरून धावत आली आणि तशीच वर गेली. मुकादम रोज विचारत, "नडगी?" ती रोज म्हणे, "हाय जागेवर." याहून जास्त एक अक्षर सांगत नसे. मुकादम तळमळत. टाच कशी वाटते, कमानीपाशी टोचतं का, उतारावर पाय पुढे सरकतो का. त्यांच्याकडे प्रश्नांची पेटीच होती. ती म्हणे, "धाव झाल्यावर सांगेन. सगळं एकदम."

होळीची राख अजून अंगणात होती तेव्हा आम्ही तिघं माझ्या गाडीतून भरतीच्या मैदानावर गेलो. बाहेरच्यांना आत सोडत नव्हते. जाळीच्या कुंपणाला मुकादम आपला सहा फुटी देह टेकवून उभे. शिट्टी झाली. पहिल्या फेरीला सुनंदा मधे कुठेतरी होती. दुसऱ्या फेरीलाही मधेच. तिसऱ्या फेरीला पुढच्या मुली दमू लागल्या, कुणी पोट धरलं, कुणी चालू लागली. मुकादमांनी डोळे मिटले.

"सांगा," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"डावा पाय आत पडतो का?"

मला कधी कधी स्वतःची लाज वाटते, पण थट्टा करायची खोड जात नाही. मी मुद्दाम उसासा सोडला. मुकादमांनी जाळी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी झाली. मग मात्र मी घाईने म्हणालो, "नाही हो. सरळ पडतोय. अगदी सरळ. चौघींना मागे टाकलं तिने आत्ता."

त्यांनी डोळे उघडले आणि कुंपणाच्या बाहेरून, तिच्या बरोबरीने, चपला फटफटवत धावू लागले. पोलीस हवालदार ओरडला, "ओ आजोबा, भरती बायकांची आहे!" मुकादम धावत राहिले. सुनंदा रेषा ओलांडून गेली तेव्हा हे कुंपणाच्या कोपऱ्यापाशी, पुढे रस्ता नाही म्हणून थांबले.

ती वेळेत होती. चांगली बरीच आधी. थोड्या वेळाने कागदावर सही करून ती फाटकातून बाहेर आली, तोंडावर पाणी मारलेलं, केस चिकटलेले. मुकादम तिच्या पुढ्यात उभे राहिले. अभिनंदन वगैरे काही नाही.

"आता सांग. बूट कसा वाटला? शेवटच्या फेरीला आधार लागला? गादी बसली तर नाय?"

सुनंदाने खाली बुटांकडे पाहिलं. जणू आत्ताच दिसले.

"खरं सांगू, काका? बुटाकडे लक्षच गेलं नाय. पायात काय हाय तेच विसरले."

बस्स! चार महिन्यांची मेहनत, चार जोड, लिंबाएवढा फोड, मासळीवाल्यांची थट्टा. आणि हा निकाल. मुकादमांचा चेहरा पडला. गाडीत ते माझ्या शेजारी बसले. या वेळी मी छेडलं नाही. हमरस्त्यावर ट्रकांच्या रांगेत आम्ही बराच वेळ अडकलो. चारोटी मागे गेल्यावर ते काचेबाहेर बघत म्हणाले, "दिल्लीचा व्यापारी आहे एक. माल खराब निघाला की दहा वेळा फोन करतो. चांगला पोचला की करत नाय. विसरून जातो."

"मग?"

"मग काय. तेच."

मी आरशात मागे पाहिलं. सुनंदा मान एका बाजूला टाकून गाढ झोपली होती. बूट काढायचंही तिला सुचलं नव्हतं. जांभळी पावलं आसनावर पसरलेली, दोन्ही सरळ. मुकादमांनीही वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, आणि त्यांचा तो बोर्डीपर्यंत जाणारा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं,

"पुढे गतिरोधक आहे, कलमवाले. हळू घ्या."